दार उघडं होतं, पण बोलवायला कोण गेलं?



गावोगावच्या गटांत फिरताना आम्हाला एक गोष्ट सारखी दिसते. नवीन बाई पहिल्यांदा बैठकीला येते आणि दाराजवळ बसते. हजेरी होते, बचत गोळा होते, हप्त्यांचा हिशेब वाचला जातो, ठरावावर सह्या होतात. तिला यातलं निम्मं कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. दुसऱ्या बैठकीला ती येते किंवा येत नाही. तिसऱ्या वेळी कुणीतरी म्हणतं, "तिला गरज नसेल. गट तर सगळ्यांना खुला आहे."

गट खुला असतो हे खरं. पण खुलं दार आणि स्वागत यांत फरक असतो. तो फरक समजून घ्यायला आज आपण इतिहासात जाऊ, आपल्याच महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळींच्या इतिहासात. कुणी कोणता धर्म पाळावा हा आजचा विषय नाही. आपल्या गटांत सगळ्या धर्मांच्या बाया आहेत आणि तशाच राहतील. आजचा विषय एवढाच, की अनोळखी माणसाला आपलंसं कसं करतात. मागच्या दोनशे वर्षांत मराठी चर्चला याचा फार विचार करावा लागला, कारण तिथे नव्याने येणाऱ्या माणसाचं घर, नातं, पाणवठा, सगळंच पणाला लागायचं.

खुर्च्यांची पूजा?

पहिली गोष्ट १८७८ सालची, कलकत्त्याची. वीस वर्षांची रमाबाई डोंगरे आणि तिचा भाऊ श्रीनिवास तिथे पोचले होते. आईवडील दुष्काळात गेलेले. ही दोघं पुराणं सांगत देशभर पायी हिंडलेली. कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंचं संस्कृत ऐकलं आणि त्यांना 'पंडिता' ही पदवी दिली. याच पुढे पंडिता रमाबाई म्हणून आपल्याला माहीत झाल्या.

त्याच दिवसांत या भावाबहिणीला ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याचं आमंत्रण आलं. काय झालं ते रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. तिथे आपलेच लोक साहेबी कपड्यांत होते. इंग्रजांबरोबर चहा पीत होते, बिस्किटं खात होते, आणि या दोघांनाही घ्या म्हणत होते. दोघांना धक्काच बसला. कलियुग पुरतं आलं असं त्यांना वाटलं. मग कुणीतरी पुस्तकातून वाचलं आणि सगळे आपापल्या खुर्चीसमोर गुडघे टेकून, डोळे मिटून काहीतरी म्हणू लागले. मूर्ती तर कुठे दिसेना. हे लोक खुर्च्यांनाच नमस्कार करतायत की काय, असं रमाबाईंना वाटलं! निघताना त्यांना संस्कृत बायबल भेट मिळालं. त्याची भाषा त्यांना इतकी वेगळी लागली की वाचणं तसंच राहून गेलं.

बघा, आमंत्रण होतं, खायला-प्यायला होतं, भेटवस्तूही होती. वागणूक प्रेमाची होती. पण इथे काय चाललंय हे शेजारी बसून समजावणारं कुणी नव्हतं. पाहुणचार झाला आणि पाहुणे होते तसेच परत गेले.

आधी घर, मग इमारत

चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारत, क्रूस आणि घंटा येते. पण सुरुवातीची दोन-अडीचशे वर्षं ख्रिस्ती लोक बहुतेक करून घरांमध्येच जमत. बायबलमध्ये लुदिया नावाच्या बाईची गोष्ट आहे. ती जांभळ्या कापडाचा व्यापार करायची. पौल आणि त्याचे सोबती तिच्या गावी परके होते, तर तिने आग्रह करून त्यांना आपल्या घरी उतरवून घेतलं. सीरिया देशात दुरा-युरोपस नावाच्या जुन्या शहराच्या खोदकामात एक साधं राहतं घर सापडलं. साधारण सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी त्याच्या भिंती बदलून प्रार्थनेसाठी मोठी खोली केलेली होती. ख्रिस्ती प्रार्थनेच्या सगळ्यात जुन्या जागांपैकी ती एक.

आपल्या मराठीत तर ही गोष्ट शब्दातच आहे. मराठी ख्रिस्ती लोक चर्चला 'मंडळी' म्हणतात. मंडळी म्हणजे माणसं. आपण घरच्यांनाही मंडळीच म्हणतो ना?

नव्या माणसाला कुठे बसवायचं, हा प्रश्नही तेव्हापासूनचा आहे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात लोकांना चांगलं खडसावलेलं आहे. सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की त्याला चांगली जागा देता आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला म्हणता उभा राहा, हा कुठला न्याय, असा त्याचा आशय. म्हणजे पहिल्या पिढ्यांपासूनच ही खोड होती, आणि खोड आहे हे सांगणारेही होते.

नगरच्या वाटा

आता आपल्या जवळ येऊ. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईला आले आणि १८३१ साली त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ठाणं केलं. बाजारात उभं राहून उपदेश करायचा, पत्रकं वाटायची, ही त्यांची सुरुवातीची रीत. पण बाजारात ऐकणारे पुरुष. बायका घरात. बाजारातलं भाषण माजघरापर्यंत कसं पोचणार?

सिंथिया फरार नावाची एक अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईला आली, १८३९ पासून नगरला राहिली आणि १८६२ साली तिथेच वारली. तिने मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी १८४८ साली नगरला जाऊन तिची शाळा पाहिली आणि पुण्याला परतल्यावर आपली मुलींची शाळा काढली, हे आपल्याला माहीत आहे. शाळा काढली म्हणून मुली आपोआप येत नसत. आईला, आजीला भेटावं लागे, मुलीला शिकवून काय होणार याची उत्तरं द्यावी लागत.

पुढे या घरभेटींचं काम मराठी बायकांच्याच हातात आलं. त्यांना 'बायबल बाया' म्हणत. त्यांच्यात विधवा पुष्कळ होत्या, आणि गावकुसाबाहेर ज्यांचं आयुष्य गेलं अशा जातींतल्या बायाही होत्या. पायी गावोगाव जायचं. कुठे ओटीवर बसायला मिळे, कुठे अंगणात, कुठे दारातूनच बोलणं. त्या गोष्ट सांगत, गाणं म्हणत, अक्षरं गिरवून घेत. घरात आजारी माणूस असलं तर त्याची विचारपूस करत.

गोऱ्या बाईपेक्षा ही मराठी बाई घरात लवकर मिसळली यात नवल नाही. जात्यावरची ओवी तिला ठाऊक होती. सासू दारात उभी असताना सुनेशी काय बोलावं आणि काय बोलू नये, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आज आमच्या गावांमधून घरोघर फिरणारी आशाताई, अंगणवाडी ताई, गटाची सहयोगिनी यांचं काम पाहिलं की त्या बायांची आठवण होते. उद्देश वेगळे, पण चालण्याची वाट तीच.

त्यांचा उद्देश धर्म सांगण्याचा होता हे लपवायचं कारण नाही. म्हणून विरोधही व्हायचा. दारं बंद होत, मुली शाळेतून काढल्या जात.

एका कपाची किंमत

आणि ज्या माणसाने पाऊल टाकलं त्याला काय सोसावं लागे? धर्म बदलला की वडिलांच्या मिळकतीवरचा हक्क जाई. १८५० साली कायदा झाला आणि धर्म किंवा जात गेल्यामुळे वारसा हक्क जाणार नाही असं ठरलं. पण कायद्याने जमीन मिळेल, शेजार कसा मिळेल? विहिरीवर पाणी बंद, लग्नकार्याला बोलावणं बंद, आईच्या घरी उंबऱ्याबाहेर बसायचं.

धर्म सोडाच, नुसता चहा पिणंही महागात पडायचं. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली मोठी माणसं गेली होती. तिथे चहा आला. कुणी प्यायला, कुणी हात लावून ठेवला. नंतर हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि पुण्यात गदारोळ उठला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशा माणसांनाही प्रायश्चित्ताच्या प्रकरणात अडकावं लागलं. एका कप चहासाठी!

मैत्रिणींनो, म्हणून त्या काळात स्वागत म्हणजे नुसतं हसून 'या, बसा' म्हणणं पुरत नसे. ज्याचं घर सुटलं त्याला राहायला खोली लागे, हाताला काम लागे, बाळंतपणात जवळ बसायला बाई लागे, मेल्यावर खांदा द्यायला चार माणसं लागत. एवढं देणारी माणसं असतील तर नवा माणूस टिके.

लक्ष्मीबाईंचा वेळ

कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची बायको लक्ष्मीबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. पदरी लहान मुलगा. नवरा जिवंत आणि संसार मोडला. काही वर्षं त्या माहेरच्या नातलगांकडे राहिल्या. पुढे त्यांनी ठरवलं आणि मुलाला घेऊन नवऱ्याकडे नगरला आल्या. पण ख्रिस्ती व्हायला नव्हत्या आल्या. सोवळं-ओवळं, स्वयंपाक, पाणी, सगळं त्यांनी आपलं वेगळं ठेवलं.

आता विचार करा. चारी बाजूंनी ख्रिस्ती माणसं, आणि मध्ये ही एक बाई, जी त्यांच्या हातचं पाणी पीत नाही. रोज तोंडावर नकार. तरी तिच्यावर सक्ती झाली नाही. तिचं वेगळेपण चालू दिलं. बोलणं-चालणं, जाणं-येणं सुरू राहिलं. विचार करता करता एके दिवशी लक्ष्मीबाईंना आपलं आपणच पटलं की जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे. मग त्यांनी शिवाशिव टाकली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही सगळी हकिगत त्यांनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात लिहिली. ते १९३४ पासून भागाभागांनी निघालं आणि मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणती होते. शाळेत न गेलेल्या बाईने लिहिलेलं हे पुस्तक तुमच्या गावच्या वाचनालयात असेल तर गटात मोठ्याने वाचा. हसाल आणि रडालही.

पुढे टिळकांच्या घरी माणसांचा सारखा राबता असे. तरुण बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्याच घरी राहिले. ते काही ख्रिस्ती झाले नाहीत, तरी लक्ष्मीबाईंच्या घरचं माणूस झाले. जिला एकेकाळी वेळ दिला गेला, तिने पुढे दुसऱ्यांना जागा दिली.

टिळकांनी आणखी एक काम केलं. परदेशी चालींवरची गाणी मराठी माणसाला जड जात. टिळकांनी अभंगाच्या वळणाची, आपल्या चालींची गीतं लिहिली. 'उपासना संगीत' या पुस्तकातून ती आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. ओळखीची चाल कानावर पडली की नवीन माणसाला परकं वाटत नाही. हेही एक स्वागतच.

आत आल्यावर गप्प बसायचं का?

रमाबाईंकडे परत जाऊ. कलकत्त्यानंतर त्यांचा भाऊ गेला, पतीही गेले. १८८२ साली तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्याला आल्या. इंग्रजी शिकताना एका मिशनरी बाईशी ओळख झाली आणि तिच्यासोबत त्यांनी मराठी नवा करार वाचला. या वेळी पुस्तक नुसतं हातात ठेवलं नाही, सोबत बसणारं माणूस होतं. १८८३ साली त्या इंग्लंडला वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहिल्या. त्या जोगिणींनी रमाबाईंना लंडनजवळच्या फुलहॅमला नेलं. समाजाने टाकलेल्या बायांना तिथे आधार दिला जात होता. अशा बायांना इतक्या मायेने वागवतात हे पाहून रमाबाईंनी विचारलं, असं का करता? तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, लोकांनी नावं ठेवलेली बाई, आणि तिच्याशी बोलणारा, तिच्याकडे पाणी मागणारा येशू. रमाबाईंचं मन तिथे वळलं. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथे संपत नाही. आत आल्यावर रमाबाई प्रश्न विचारू लागल्या. हे असं का, ते तसं का? त्या शाकाहारी राहिल्या. आपल्या बुद्धीला पटेल तेच मानेन, म्हणू लागल्या. त्यांनी इंग्लंडमध्ये पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. ज्या जोगिणींनी मायेने घरात घेतलं, त्यांच्याशीच त्यांचे पत्रांतून खटके उडाले.

आम्हाला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. स्वागत करणाऱ्याला पुष्कळदा असं वाटतं की आपण हिला आत घेतलं, आता हिने आपलं ऐकावं. पण आत घेणं म्हणजे बोलायची जागा देणं. ती मिळाली नाही तर ती बाई पाहुणीच राहते. रमाबाई मात्र गप्प बसल्या नाहीत. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. पुढे केडगावला मुक्ती सदन उभं केलं आणि दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली-बायांना तिथे आणलं.

त्यांचीही परीक्षा झाली. शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. पण रमाबाई प्रार्थना करत तेव्हा खोलीचं दार उघडं असे आणि काही मुली आत येऊन बसत. १८९३ साली यावरून वाद पेटला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. पालकांनी मुली काढून नेल्या. मुलींना आपखुशीने येऊ दिलं असं रमाबाईंचं म्हणणं होतं, विश्वास मोडला असं पालकांचं. आसरा घेतलेल्या माणसाला 'नाही' म्हणणं किती अवघड असतं, हा प्रश्न मात्र उरतो. दुष्काळात धर्म बदललेल्यांवर 'भाकरीसाठी गेले' असा शिक्का बसला, तोही याच कारणाने. देणाऱ्याने म्हणूनच जास्त जपायचं असतं.

जिथे स्वागत थांबलं

सगळं गोडच होतं असं नाही. जात चर्चच्या दारातून आतही गेली. तंजावरकडच्या चर्चमध्ये जातीप्रमाणे वेगळं बसण्याची रीत होती. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी ती बंद करायला सांगितली, तर वरच्या जातींतले पुष्कळ लोक चर्चच सोडून गेले. एका बाकावर शेजारी बसणं त्यांना जमलं नाही.

अशा अनुभवांमुळेच असेल, आयुष्याच्या शेवटी १९१७ साली टिळकांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. आधी आमच्यासारखे व्हा, मग बसा, ही अटच त्यांनी काढून टाकली. दोन वर्षांत ते वारले आणि काम फार वाढलं नाही.

आपण काय घ्यायचं

या इतिहासातून आम्ही आमच्या गटांसाठी चार गोष्टी काढल्या आहेत.

एक, बैठकीचं बोलावणं निरोपाने नको, घरी जाऊन द्यायचं. दोघींनी जायचं, आणि त्यातली एक तिच्याच आळीतली असावी. पहिल्या भेटीत रजिस्टर, फॉर्म, पैसे काहीही काढायचं नाही. तिचं घर, तिची कामं, तिची अडचण ऐकायची.

दोन, पहिल्या तीन बैठकांत तिच्या शेजारी एक जुनी सभासद बसेल. अंतर्गत कर्ज म्हणजे काय, ठराव कशाला, सही कुठे, हे हळू आवाजात सांगेल. नाहीतर तिला आपला हिशेब खुर्च्यांच्या पूजेसारखाच वाटेल.

तीन, तिला वेळ द्यायचा. लगेच कर्ज घे, लगेच प्रशिक्षणाला चल, असा धोशा लावायचा नाही. ती वेगळ्या जातीची, धर्माची, परगावाहून आलेली, एकटी राहणारी असेल तर जास्तच सांभाळायचं. तिच्या घरचा चहा प्यायचा.

चार, ती बोलू लागली आणि आपल्या विरुद्ध बोलली तरी ऐकायचं. तिचं म्हणणं ठरावात लिहायचं.

आता हे ऐकून झाल्यावर एक काम करा. गटाचं हजेरी रजिस्टर उघडा. मागच्या दोन बैठकांना कोण आलं नाही, त्यांची नावं वाचा. प्रत्येक नावापुढे दोन बायांची नावं लिहा, आणि पुढच्या बैठकीच्या आधी त्यांनी त्या घरी जाऊन यायचं. काय बोलणं झालं ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी तुमचे अनुभव घेऊन बोलू.